गाडीचा तोल आणि बैलाचा खांदा



कार्तिकी एकादशीचा पंढरपूरचा बाजार उलगडतो न उलगडतो तोच सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांची धुराडी धूर ओकू लागतात, आणि माळशिरस, पंढरपूर, माढा, करमाळा या तालुक्यांच्या सडकांवर उसाने लादलेल्या बैलगाड्यांची रांग लागते. हल्ली ट्रॅक्टरने या कामाचा मोठा वाटा उचलला आहे हे खरे. तथापि बैलगाडी अद्यापि हटलेली नाही. ऊस मागे दोन हात लोंबत असतो, पुढे बैलांच्या शेपटीस टेकलेला असतो, आणि त्या हिरव्या डोंगराच्या माथ्यावर गाडीवान बसलेला असतो. पाहणाराची दृष्टी त्या ओझ्याकडे जाते व तो म्हणतो, ‘केवढे हे वजन!’ परंतु वजन किती, या प्रश्नापेक्षा ते वजन कोठे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत भाषणात मी त्याच प्रश्नाचा विचार करणार आहे. जुन्या गाडीचा सांगाडा थोडा बदलला, आख चार बोटे पुढेमागे सरकविला, चाकांतील अंतर व साट्याची उंची यांचा मेळ घातला, तर तीच गाडी त्याच बैलांना कशी निराळी लागते, हा आजचा विषय आहे.

आपली जुनी लाकडी गाडी ही अडाण्याची घडण होती असा एक समज शिकलेल्या मंडळींत आढळतो. तो मला मान्य नाही. सुमारे पाच फूट व्यासाचे चाक निष्कारण इतके मोठे केलेले नव्हते. लहान चाक खड्ड्यात उतरते, मोठे चाक खड्ड्यावरून जाते. आणि आमच्या भीमा-सीनेच्या काळ्या रानात पावसानंतर खड्ड्यावाचून वाट नसते. त्या चाकाला धाव चढविण्याची लोहाराची कृती तर पाहण्यासारखी असे. लोखंडाचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करावयाचे, गोवऱ्यांच्या आरात ते लाल होईपर्यंत तापवावयाचे, सांडशीने उचलून चाकावर बसवावयाचे आणि ताबडतोब वर पाणी ओतावयाचे. सुमारे ४७० सेंटिमीटर घेराचे लोखंडी कडे ५०० अंशांनी तापले म्हणजे पावणेतीन सेंटिमीटरांहून थोडे अधिकच वाढते. निवताना ते आवळले जाऊन तुंबा, आरे व परिघाची लाकडे अशी काही जखडून टाकते की, एकाही खिळ्याची गरज राहू नये. ज्या लोहाराने पदार्थविज्ञानाचे पुस्तक कधी उघडले नाही, त्याला हे पावणेतीन सेंटिमीटर हाताच्या अंदाजाने ठाऊक असत.

दोष होता तो अरुंद लोखंडी धावेत. ती शेतात रुतते आणि सडक कापते. मोटारी वाढू लागल्या तसा सडका बांधणाऱ्या इंजिनियरांचा सगळा राग बैलगाडीवर निघू लागला. १९२७ साली सरकारने सडकांच्या विचारासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले मुकुंदराव जयकर होते. त्या समितीच्या शिफारशींतून पुढे सडकनिधी निघाला व १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. याच सुमारास हवेच्या टायरचा उपाय पुढे आला. १९३६ साली बंगालमध्ये साहागंज येथे डनलॉप कंपनीचा कारखाना निघाला. आणि आमच्या खेड्यांत टायरच्या गाडीचे नावच ‘डनलॉप’ पडले. कंपनी कोणतीही असो, टायर मोटारीचा झिजून टाकून दिलेला का असेना, गाडी मात्र डनलॉपच. माळशिरस तालुक्यात नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी आले, माळीनगर व श्रीपूर येथे १९३० नंतरच्या दशकात साखर कारखाने उभे राहिले, आणि पुढे १९८० साली उजनीचे धरण पुरे झाल्यावर ऊस जिल्हाभर पसरला. उसाबरोबर डनलॉपही पसरली.

टायर आणि बेअरिंग यांनी बैलाचे ओढणे हलके केले, याविषयी वाद नाही. कायद्यानेही ते मान्य केले आहे. भारवाही जनावरांविषयीचे १९६५ चे जे केंद्रीय नियम आहेत, त्यांत मोठ्या बैलाच्या दोन चाकी गाडीस बेअरिंग असेल तर १८०० किलो, नुसते हवेचे टायर असतील तर १३५० किलो आणि तेही नसतील तर ९०० किलो, अशी वजनाची मर्यादा घातली आहे. त्याच नियमांत दुपारी १२ ते ३ या वेळात तपमान ३७ अंशांवर गेले असता जनावर जुंपू नये असेही म्हटले आहे. सोलापूरचा मार्च महिना ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या कलमाचे काय होत असेल ते मी सांगावयास नको.

पण येथेच एक घोटाळा झाला. चाके नवी आली. सांगाडा मात्र जुन्याच कल्पनेने बांधला जाऊ लागला. लाकडी गाडीचा तोल सुताराच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठरलेला होता. लोखंडी पट्ट्या जोडून टायरची गाडी उभी करणाऱ्या कारागिराजवळ तो अनुभव नाही. तो साट्याचा मध्य पाहून आख बसवितो आणि मोकळा होतो.

आता जरा हिशेब करू. गाडी आणि ऊस मिळून १५०० किलो वजन आहे आणि आखापासून जुवापर्यंतचे अंतर तीन मीटर आहे असे धरा. साऱ्या वजनाचा गुरुत्वमध्य आखाच्या पुढे १० सेंटिमीटर असेल तर जुवावर ५० किलो भार येतो, म्हणजे दर बैलाच्या खांद्यावर २५ किलो. हे ठीक आहे. एवढा भार नसेल तर जू खांद्यावर स्थिरच राहणार नाही. परंतु ऊस पुढे जरा अधिक रचला व गुरुत्वमध्य १० ऐवजी ३० सेंटिमीटर पुढे आला, तर तोच भार १५० किलो होतो. ऊस एका कांडीनेही वाढलेला नाही, काट्यावर वजन तेच भरणार आहे. पण बैलाच्या मानेवर तिप्पट ओझे आले. उलट गुरुत्वमध्य आखाच्या मागे गेला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि गळ्याखालचे जोते बैलाचा श्वास कोंडते. सुजलेला खांदा व आवळलेला गळा, या दोन्ही दुखण्यांच्या मधली जागा अवघी वीतभर आहे.

ही झाली सपाट सडकेवरची गोष्ट. ओढ्यात उतरताना काय होते ते पाहणे अधिक उद्बोधक आहे. दहा फुटांस एक फूट असा उतार धरला, तर वर सांगितलेली गाडी बैलांना पाठीमागून १५० किलोच्या जोराने ढकलते. जुन्या गाडीला रोधक नव्हता, तेव्हा हा सगळा रेटा बैल मानेने व शिंगांच्या मुळाने धरीत. टायरच्या गाडीस चाकावर दाबणारा लाकडी ठोकळा किंवा तत्सम ब्रेक बसविता येतो, आणि तो आवळला की ढकलणे थांबते. येथवर सर्वांस कळते. जे सहसा लक्षात येत नाही ते असे की, ढकलणे थांबले तरी दाबणे वाढते. रेटा आता चाकाखालच्या जमिनीवर अडविला जातो आणि ओझे मात्र त्या जमिनीहून दीड मीटर उंच आहे. म्हणून सारी गाडी पुढे ओणवी होऊ पाहते. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला तर पूर्ण ब्रेक लावलेल्या उतरणीवर जुवावर आणखी ७५ किलो भार चढतो. म्हणून उतारावर ब्रेक लावताच बैल मान खाली घालतो. तो हट्ट करीत नाही, भार वाढल्याची वर्दी देतो. याचा अर्थ ब्रेक लावू नये असा कोणी घेऊ नये. १५० किलोच्या रेट्यापेक्षा ७५ किलोचा दाब केव्हाही पत्करला. पण साटा ३० सेंटिमीटर खाली आणला, तर त्या ७५ तील १५ किलो आपोआप कमी होतात, हेही ध्यानात ठेवावे.

साटा खाली आणणे लाकडी गाडीत शक्य नव्हते, कारण आखच अडीच फुटांवर होता. टायरचे चाक लहान असल्यामुळे ते शक्य झाले. आणि तरीही पुष्कळ ठिकाणी साटा जुन्याच उंचीवर ठेवलेला दिसतो. कारण विचारले तर सांगतात, खाली घेतला तर शेताच्या बांधावर घासतो. ही अडचण खरी आहे. वाकविलेला आख, म्हणजे मधला भाग खाली आणि टोके वर असा, वापरला तर साटा आणखी खाली जाईल, पण बांध आणखी लवकर लागेल. तेव्हा ज्याची वाट सडकेची त्याने साटा खाली घ्यावा, आणि ज्याला रानातून गाडी काढावयाची आहे त्याने थोडी उंची राखावी. सर्वांना एकच माप लावणारी सुधारणा मला पटत नाही.

दुसरा प्रश्न रुंदीचा. गाडी उलटू नये म्हणून चाके एकमेकांपासून दूर न्यावीत, हे कोणासही सुचेल. दीड मीटर रुंदीची व दीड मीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेली गाडी चाकरीत एक फूट कलली म्हणजे तिचे ओझे एक फूटभर बाजूस सरते, आणि वाचावयाला अडीच फुटांतले दीडच उरतात. रुंदी वाढविली तर हे अंतर वाढते. परंतु रुंदीचीही किंमत असते. एका चाकाखाली धोंडा आला म्हणजे ते चाक अडखळते, दुसरे पुढे जाते, आणि दांडी बैलाच्या मानेवर आडवी फटकारते. एका चाकाला ६० किलोचा अडथळा झाला तर वरच्या मापाच्या गाडीत जुवाच्या जागी १५ किलोचा आडवा फटका बसतो. चाके अधिक दूर नेली की फटका त्याच प्रमाणात मोठा होतो. दांडी लांब केली तर तो कमी होतो, पण मग गाडी वळवावयास कारखान्याचे आवार अपुरे पडते.

परदेशांत शर्यतीच्या चारचाकी मोटारसायकली असतात, उंच दांड्याच्या व जाड टायरच्या. त्यांचे शौकीन हेच कोडे सोडवीत असतात, हे पाहून मला मौज वाटली. होंडा कंपनीने १९८६ ते १९८९ या काळात शर्यतीसाठी काढलेली २५० घनसेंटिमीटरची गाडी आजही लोक जपून ठेवतात, आणि तिच्या पुढच्या भुजा लांब करून व मागचा आख रुंद करून तिला वळणावर स्थिर करतात. तेथेही रुंदी वाढली की धोंड्याचा झटका हँडलात अधिक येतो. तेथेही नुसत्या भुजा बदलून भागत नाही, स्प्रिंगही त्या मानाने बदलावी लागते. या जातीच्या तीन चाकी गाड्या तर इतक्या उलटू लागल्या की १९८८ साली अमेरिकेत त्यांची विक्रीच थांबविण्यात आली. फरक एवढाच की तिकडे झटका स्वाराच्या मनगटास बसतो, आणि मनगट त्याचेच असल्यामुळे सुधारणा तातडीने होते.

स्प्रिंगचा विषय निघालाच आहे, तर टांग्याला कमानी असतात, मग बैलगाडीस का नसाव्यात, असे पुष्कळदा विचारले जाते. टांग्यात चार माणसे बसोत की एक, ओझ्यात फार तफावत पडत नाही. उसाची गाडी रिकामी जाते तेव्हा आणि भरून येते तेव्हा तिचे वजन चौपट-पाचपट बदलते. भरल्या गाडीस शोभेल अशी कमान रिकाम्या गाडीखाली ठोकळ्यासारखी ताठ राहते. रिकाम्या गाडीस शोभेल अशी कमान भरल्यावर चेपून बसते. शिवाय कमानीने साटा उंच होतो, आणि उंची म्हणजे काय ते आपण आताच पाहिले. माझ्या मते उसाच्या गाडीस टायर हीच कमान पुरे. मात्र टायरमध्ये हवा योग्य पाहिजे व तो झिजून गुळगुळीत झालेला नसावा. त्याऐवजी जेथे दांडी जुवाला मिळते, तेथे जुन्या टायरचे जाड रबर घालून झटका मारता येईल. हे काम गावातल्या चांभाराच्या आवाक्यातले आहे.

बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतलेल्या विद्वानांत बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट या संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांचे नाव अवश्य घेतले पाहिजे. १९७९ साली त्यांनी पशुशक्ती व बैलगाडी यांवर सविस्तर अहवाल लिहिला. व्यवस्थापनशास्त्राच्या पंडिताने जुवाखालच्या जखमेकडे पाहावे, ही गोष्ट त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटली असेल. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली ‘सारथी’ नावाची रचना केली. तीत दांडीखाली पुढे एक तिसरे चाक बसवून जुवावरचा भार त्याच्यावर घेतलेला आहे. कल्पना सरळ आहे आणि सपाट सडकेवर ती उपयोगाची आहे. चांगली बैलजोडी आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाने दिवसभर ओढू शकते. ९०० किलोची जोडी असेल तर ९० किलो. चांगल्या सडकेवर हवेच्या टायरची १५०० किलोची गाडी ओढावयास ३० ते ४५ किलो पुरतात, त्यामुळे तिसऱ्या चाकाची थोडी अधिक ओढ सोसते. मऊ रानात मात्र हीच गाडी १५० किलो ओढ मागते. तेथे लहान तिसरे चाक रुतणार, आणि म्हणून ते वर उचलून ठेवण्याची सोय असावी हे उघड आहे. शेतातून सडकेपर्यंतचे दोनशे पावले अंतर हेच बैलाचे खरे दिव्य असते. उरलेले दहा मैल त्या मानाने सोपे.

शर्यतीच्या छकड्याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आमचा खिलार बैल हा चपळाईसाठीच नावाजलेला आहे, आणि पंढरपूरचा किंवा सिद्धेश्वराच्या गड्ड्याचा बाजार पाहिलेल्यास त्याची चण सांगावयास नको. या शर्यती २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाल्या. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. शर्यत असावी की नसावी या वादात मी शिरत नाही. छकड्यात ओझे म्हणजे हाकणारा माणूसच. तो दीड हात पुढे सरकला की सारा भार जुवावर, मागे सरकला की गाडी उलाळ. म्हणून कसलेला हाकणारा गुडघे सैल ठेवून आखावरच उभा राहतो व आपल्या पायांचीच कमान करतो. चाकोरीवरून उसळताना त्याचे वजन गाडीवर आदळत नाही, आणि बैलांना मोकळे धावता येते. ऊस लादणाऱ्याने या छकडेवाल्याकडून शिकावे असे पुष्कळ आहे.

हे सगळे इतके सोपे असता होत का नाही? याचे उत्तर गणितात नाही, व्यवहारात आहे. ऊसतोडीसाठी बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून येणाऱ्या कुटुंबांपैकी जी ‘गाडी सेंटर’वर काम करतात, त्यांत बैल बहुधा त्यांचे स्वतःचे असतात आणि गाडी मात्र कारखान्याची असते. मोबदला टनावर मिळतो. गाडीच्या सांगाड्यास हात लावण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याच्याच बैलाचा खांदा सुजतो. आणि ज्याच्या हाती सांगाडा आहे, त्याच्या खतावणीत खांद्याचे खाते नाही. बैल आठ दिवस बसला तर त्या कुटुंबाची कमाई आठ दिवस बसते, आणि घेतलेली उचल फिटावयाची राहते. आख सरकविण्यासाठी चार नवी भोके व दोन पट्ट्या लागतात. हंगामाआधी कारखान्याच्या कार्यशाळेत गाड्यांची डागडुजी होतेच. त्याच वेळी हे काम करावयास काय हरकत आहे, ते मला समजत नाही.

तोवर गाडीवानाने स्वतः करावयाची एक परीक्षा सांगून मी रजा घेतो. गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना दगडाची उटी द्यावी, बैल सोडावेत आणि जुवाखाली नेहमीचे टेकण लावावे. त्या टेकणाखाली धान्य तोलावयाचा सपाट काटा ठेवावा. काटा ४० ते ६० किलोंच्या दरम्यान थांबला तर मोळ्या बरोबर रचल्या आहेत. १०० च्या वर गेला तर पुढच्या मोळ्या काढून मागे टाकाव्यात. २० च्या खाली आला तर मागच्या पुढे घ्याव्यात. एकदा काटा जुळला की पुढची मोळी साट्याच्या ज्या फळीपर्यंत येते, त्या फळीवर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी; उसाची लांबी फारशी बदलत नाही तोवर दुसऱ्या दिवसापासून काट्याचीही गरज पडणार नाही.